‘फंडामेंटल’ आणि ‘मूलभूत’ : एका इंग्रजी विशेषणाच्या अर्थाची व मराठी उपयोजनाची चिकित्सा

गोषवारा : ‘फंडामेंटल’ या इंग्रजी विशेषणासाठी मराठीत ‘मूलभूत’ हा प्रतिशब्द रूढ आहे. मात्र ‘बेसिक’ या निराळ्या अर्थच्छटेच्या विशेषणासाठीही आपण हाच शब्द योजतो. त्यामुळे ‘आधारभूत’, ‘प्राथमिक’ आणि ‘किमान’ हे तीन भिन्न अर्थ एका शब्दात मिसळतात. प्रस्तुत निबंधात या विशेषणाची व्युत्पत्ती, त्याचे शेजारी शब्द, शास्त्रीय परिभाषेतील आणि भारतीय संविधानातील त्याचे उपयोजन यांचा विचार केला आहे. प्रतिशब्द बदलण्याची गरज नसून तो वापरताना अर्थाची जाण ठेवण्याची गरज आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : फंडामेंटल, मूलभूत, पायाभूत, परिभाषा, मूलभूत हक्क, संविधानाची पायाभूत संरचना

१. प्रास्ताविक

पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत वारंवार भेटते : ‘मूलभूत हक्क म्हणजे माणसाला जगण्यासाठी लागणारे किमान हक्क होत.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि विद्यार्थ्याने ते मनापासून लिहिलेले असते. तरीही ते चुकीचे आहे. संविधानाच्या तिसऱ्या भागातील हक्क हे ‘किमान’ म्हणून दिलेले नाहीत. राज्यसंस्थेच्या सत्तेवर ज्यांनी मर्यादा घालावयाची, असे ते हक्क आहेत. विद्यार्थ्याच्या हातून ही चूक का होते, याचा शोध घेतला असता दोष केवळ त्याच्या अभ्यासाचा नाही, असे दिसून येते. ‘मूलभूत गरजा’, ‘मूलभूत सुविधा’, ‘संगणकाचे मूलभूत ज्ञान’ असे शब्दप्रयोग त्याने शालेय वयापासून ऐकलेले असतात. त्या सर्वांत ‘मूलभूत’ म्हणजे ‘निदान एवढे तरी हवे’ असाच अर्थ असतो. तोच अर्थ तो पुढे हक्कांनाही लावतो.

इंग्रजीत ही गफलत सहसा होत नाही. तेथे गरजांना आणि सुविधांना ‘बेसिक’ म्हणतात, हक्कांना ‘फंडामेंटल’. ‘बेसिक’ या शब्दाला ‘जेमतेम’ हा अर्थ चिकटू शकतो. ‘फंडामेंटल’ला तो सहसा चिकटत नाही. मराठीत या दोन्हींचे विसर्जन ‘मूलभूत’मध्ये झाले. या विलीनीकरणात नेमके काय हरवले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. व्युत्पत्ती : तळ आणि मूळ

‘फंडामेंटल’ हे विशेषण लॅटिनमधून इंग्रजीत आले. त्याच्या मुळाशी ‘फुंडुस’ म्हणजे ‘तळ’ हे नाम आहे. त्यापासून ‘तळ घालणे, पाया रचणे’ या अर्थाचे क्रियापद, त्यापासून ‘पाया’ या अर्थाचे ‘फुंडामेंटुम’ हे नाम आणि त्यापासून हे विशेषण, अशी त्याची परंपरा आहे. पंधराव्या शतकापासून ते इंग्रजीत आढळते. ‘फाउंडेशन’ आणि ‘फंड’ हे शब्द याच कुळातले आहेत. अध्यापक आपल्या वेतनातून कपात होणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीला नुसते ‘फंड’ म्हणतात, तेव्हा तेही नकळत याच ‘तळा’शी नाते सांगत असतात. ‘प्रोफाउंड’ म्हणजे सखोल, हा शब्दही त्याच घरातला.

अर्थात या शब्दातील प्रतिमा इमारतीची आहे. पाया जमिनीखाली असतो आणि दिसत नाही. परंतु दिसणारे सर्व त्यावर उभे असते. एखादी खिडकी काढली तर घर उभे राहते, पाया काढला तर राहत नाही. ‘फंडामेंटल’ या विशेषणाचा गाभा हाच आहे : ज्यावर इतर गोष्टी अवलंबून आहेत ते. येथे आकार, सोपेपणा अथवा क्रम यांचा प्रश्न नाही. प्रश्न अवलंबित्वाचा आहे.

‘मूलभूत’ या शब्दातील प्रतिमा निराळी आहे. ‘मूल’ म्हणजे झाडाचे मूळ. मुळाचाही आधार असतो. पण मुळाचे आणखी दोन गुण आहेत. ते पहिले असते, म्हणजे झाड त्यातून उगवते. आणि ते जिवंत असते, म्हणजे झाडाला पोसते. त्यामुळे ‘मूळ’ या शब्दात ‘आरंभ’ हा अर्थ स्वाभाविकपणे येतो. ‘मूळ गाव’, ‘मूळ प्रत’, ‘मूळ मुद्दा’ या प्रयोगांत आधारापेक्षा आरंभाचाच अर्थ अधिक आहे. महाविद्यालयीन अध्यापकांना परिचित असलेले ‘मूळ वेतन’ घ्या. इंग्रजीत ते ‘बेसिक पे’ आहे, कारण भत्त्यांचे गणित त्या पायावर मांडले जाते. मराठीत ते ‘मूळ’ आहे, कारण भत्ते मिळवण्यापूर्वीची ती रक्कम आहे. दोन्ही भाषा एकाच आकड्याकडे पाहतात. पण एक त्याच्यावर काय उभे आहे ते पाहते, तर दुसरी तो कोठून सुरू होतो ते पाहते.

हा फरक लहान वाटला तरी त्याचे परिणाम मोठे आहेत. पाया आणि आरंभ या दोन गोष्टी नेहमी एक नसतात.

३. शेजारचे शब्द

विशेषणाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून अधिक स्पष्ट होतो. ‘फंडामेंटल’चे तीन शेजारी येथे महत्त्वाचे आहेत.

पहिला ‘बेसिक’. हा ग्रीक ‘बासिस’वरून आलेला असून त्या शब्दात पाऊल, पाय आणि बैठक असे अर्थ आहेत. मराठी ‘पाया’ आणि ‘पाय’ यांतही हेच नाते दिसते. म्हणजे प्रतिमेच्या दृष्टीने ‘बेसिक’ला सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘पायाभूत’ हा आहे. मात्र विसाव्या शतकात ‘बेसिक’ या शब्दावर ‘मर्यादित, प्रारंभिक’ या अर्थाचा थर चढला. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये केवळ ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. १९६४ मध्ये तयार झालेल्या ‘बेसिक’ या संगणकभाषेच्या विस्तारित नावात तर नवशिक्यांसाठी असा स्पष्ट उल्लेखच आहे. दोन्ही ठिकाणी नाव आद्याक्षरांचे आहे. पण ते जुळवून घेण्यामागे ‘थोडक्यात भागेल असे’ हाच भाव आहे.

आपल्याकडील एक उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेली शिक्षणयोजना इंग्रजीत ‘बेसिक एज्युकेशन’ आणि हिंदुस्थानीत ‘बुनियादी तालीम’ म्हणून ओळखली गेली. मराठीत तिच्यासाठी ‘मूलोद्योग शिक्षण’ हा शब्द रूढ झाला. हा शब्दशः अनुवाद नव्हे, ते अर्थविवरण आहे. येथे पायाभूत काय, तर हस्तोद्योग; आणि त्याच्याभोवती सर्व विषय गुंफावयाचे, ही योजनेची कल्पना त्या एका शब्दात आली. ‘बेसिक’चा ‘जेमतेम’ हा अर्थ तिला चिकटण्यास वाव राहिला नाही. चांगला प्रतिशब्द मूळ शब्दाहूनही नेमका असू शकतो, याचे हे प्रमाण होय.

दुसरा शेजारी ‘एलिमेंटरी’. लॅटिनमध्ये ‘एलेमेंटुम’ या शब्दाचा ‘वर्णमालेतील अक्षर’ असाही अर्थ होता. मराठीतील ‘मुळाक्षरे’ हा शब्द या कल्पनेशी आश्चर्यकारकरीत्या जुळतो. अक्षरे ही शिकण्याची पहिली पायरी असते आणि लेखनाचे अविभाज्य घटकही तीच असतात. म्हणूनच रसायनशास्त्रातील ‘एलिमेंट’ला आपण ‘मूलद्रव्य’ म्हणतो, तर शाळेतील ‘एलिमेंटरी’ शिक्षणाला ‘प्राथमिक’. हा भेद मराठीने योग्य रीतीने जपला आहे.

तिसरा शेजारी ‘रॅडिकल’. लॅटिनमध्ये ‘राडिक्स’ म्हणजे मूळ. म्हणून मराठी ‘मूलगामी’ हा त्याचा अचूक प्रतिशब्द ठरतो. इंग्रजीत मुळाच्या प्रतिमेतून ‘रॅडिकल’ आला आणि तळाच्या प्रतिमेतून ‘फंडामेंटल’. मराठीत मात्र दोन्ही शब्द मुळापाशीच येऊन थांबतात. याचा एक विलक्षण परिणाम असा की, ‘मूलगामी’ परिवर्तन मागणारा सुधारक आणि ‘मूलतत्त्ववादी’ हे मराठीत एकाच धातूचे दागिने वाटतात. इंग्रजीत त्यांच्या प्रतिमाच वेगळ्या आहेत : एकाला मूळ खणून काढावयाचे असते, दुसऱ्याला पायाचा दगड हलू द्यावयाचा नसतो.

‘मूलतत्त्ववाद’ या शब्दाचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. आज तो अनेक धर्मांच्या संदर्भात निंदाव्यंजक अर्थाने वापरला जातो. तथापि त्याचा उगम अमेरिकेतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती वादात आहे. १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ या नावाची निबंधमाला बारा खंडांत प्रसिद्ध झाली. १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या संपादकाने त्या तत्त्वांसाठी झगडणाऱ्यांना ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव दिले. त्याच्या दृष्टीने ते गौरवाचे नाव होते. ज्या शब्दाने पाया सूचित होत होता, त्याने पुढे हटवाद सूचित व्हावा, हा अर्थापकर्षाचा ठळक नमुना आहे. याच्या उलट टोकाला महाविद्यालयीन बोलीतील ‘फंडा’ आहे. ‘त्याचा फंडा क्लिअर आहे’ येथपासून ‘यशाचा फंडा’ येथपर्यंतच्या प्रवासात तत्त्वाची युक्ती झाली. एकाच शब्दाचे एक रूप अतिगंभीर झाले, तर दुसरे अतिहलके.

४. शास्त्रीय परिभाषा : पाया म्हणजे पहिला धडा नव्हे

शास्त्रांतील उपयोजनात ‘फंडामेंटल’चा नेमका अर्थ सर्वांत स्वच्छ दिसतो. अंकगणिताचे मूलभूत प्रमेय असे सांगते की, एकाहून मोठी प्रत्येक नैसर्गिक संख्या एकतर मूळ संख्या असते किंवा मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात, क्रम सोडल्यास, एकाच प्रकारे मांडता येते. लघुतम साधारण विभाज्य काढणारा शाळकरी मुलगा या प्रमेयावर उभा असतो. पण ते प्रमेय त्याला कोणी शिकवलेले नसते. पाया आहे, परंतु तो पहिला धडा नाही.

बीजगणिताच्या मूलभूत प्रमेयाचे उदाहरण याहून बोलके आहे. स्थिरांक नसलेल्या प्रत्येक बहुपदीला संमिश्र संख्यांमध्ये निदान एक मूळ असतेच, असे हे प्रमेय आहे. गाउसने १७९९ च्या आपल्या प्रबंधात त्याची सिद्धता मांडली. मराठीत येथे एक गंमत घडते : हे ‘मूलभूत’ प्रमेय समीकरणांच्या ‘मुळां’विषयीच आहे. विद्यार्थ्याचा समज असा होतो की, मुळांविषयीचे म्हणून ते मूलभूत. प्रत्यक्षात त्याच्या सिद्धतेला विश्लेषणाची, म्हणजे बीजगणिताबाहेरील, मदत घ्यावी लागते आणि ते पदवीस्तरावर शिकवले जाते. ते ‘प्राथमिक’ मुळीच नाही. मराठीतून गणित शिकवणाऱ्याने ‘मूलभूत’ या शब्दापाशी क्षणभर थांबून हे सांगणे आवश्यक आहे.

‘मूलभूत संशोधन’ या प्रयोगातही हाच धोका आहे. डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या नावात ‘फंडामेंटल रिसर्च’ हे शब्द आहेत. तेथे ‘मूलभूत’ म्हणजे प्राथमिक स्वरूपाचे नव्हे, तर ज्याच्यावर पुढील उपयोजित संशोधन उभे राहील असे. सामान्य वाचकाच्या मनात ‘मूलभूत ज्ञान’ हे ‘जुजबी ज्ञान’ असेल, तर ‘मूलभूत संशोधन’ही त्याला जुजबीच वाटणार. शुद्ध विज्ञानाला समाजात प्रतिष्ठा मिळण्याच्या आड असे शब्दही कधी कधी येतात.

५. संविधानातील ‘फंडामेंटल’

या विशेषणाचे सर्वांत गंभीर उपयोजन भारतीय संविधानात आहे, आणि तेथे ते एका अर्थाने आलेले नाही. तिसऱ्या भागातील हक्क ‘फंडामेंटल’ आहेत आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी अनुच्छेद ३२ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. चौथ्या भागातील निदेशक तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत. तरीही अनुच्छेद ३७ त्यांना देशाच्या शासनकारभारात ‘फंडामेंटल’ म्हणतो. ४२ व्या घटनादुरुस्तीने, १९७६ मध्ये, समाविष्ट झालेली कर्तव्येही ‘फंडामेंटल’ आहेत. पण त्यांच्या भंगाबद्दल संविधानाने स्वतः कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. म्हणजे न्यायालयीन अंमलबजावणी हा या विशेषणाचा अर्थ नव्हे. तिन्ही ठिकाणी समान असलेला अर्थ एकच : हे काढले तर उरलेली रचना तोलून धरता येणार नाही, अशी संविधानकारांची धारणा.

तथापि हक्कांच्या बाबतीत हे विशेषण एक दर्जाही दर्शवते. दर्जा दिला जातो, तसा काढूनही घेतला जातो. मालमत्तेचा हक्क प्रारंभी मूलभूत होता. ४४ व्या घटनादुरुस्तीने, १९७८ मध्ये, तो तिसऱ्या भागातून वगळला गेला आणि अनुच्छेद ३०० क अन्वये केवळ सांविधानिक हक्क म्हणून उरला. उलटपक्षी, सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचा शिक्षणाचा हक्क २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांत आला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्वाळा दिला. ‘मूळ’ या प्रतिमेत हा बदल बसत नाही. झाडाला नवे आद्यमूळ नंतर लावता येत नाही. इमारतीला मात्र नवे आधारस्तंभ देता येतात.

येथेच आपण मुख्य अडचणीपाशी येतो. गोलकनाथ खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असा निर्णय दिला होता. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने तो फिरवला. संसद ‘फंडामेंटल’ हक्कांसह कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, परंतु संविधानाच्या ‘बेसिक’ संरचनेला धक्का लावू शकत नाही, असे त्यात ठरले. त्यापूर्वी १९६५ च्या सज्जनसिंग खटल्यात न्यायमूर्ती जे. आर. मुधोळकर यांनी, संविधानाच्या ‘बेसिक’ वैशिष्ट्यातील बदलाला दुरुस्ती म्हणावे की पुनर्लेखन, असा प्रश्न उपस्थित केला होता. म्हणजे संपूर्ण सिद्धान्तच दोन विशेषणांतील अंतरावर उभा आहे. जे ‘फंडामेंटल’ आहे ते बदलता येते. जे ‘बेसिक’ आहे ते बदलता येत नाही.

आता हेच मराठीत मांडून पाहावे : ‘संसदेला मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता येईल, मात्र मूलभूत संरचनेत बदल करता येणार नाही.’ प्रथमच वाचणाऱ्याला यात विसंगती भासते. मूलभूत संरचना म्हणजे मूलभूत हक्कांचीच संरचना, असे तो गृहीत धरतो. वास्तविक संघराज्यपद्धती, सत्तांचे विभाजन, न्यायालयीन पुनर्विलोकन ही पायाभूत वैशिष्ट्ये आहेत, पण ते कोणाचे मूलभूत हक्क नव्हेत. उलट मालमत्तेचा हक्क मूलभूत असूनही पायाभूत संरचनेचा भाग ठरला नाही, म्हणूनच तो काढता आला. दोन वर्तुळे काही ठिकाणी एकमेकांना छेदतात, हेही खरे. २००७ च्या आय. आर. कोएल्हो खटल्यात काही मूलभूत हक्कांमागील तत्त्वे पायाभूत संरचनेत मोडतात, असे स्पष्ट झाले. परंतु छेदणारी वर्तुळे दाखवण्यासाठी आधी ती दोन आहेत हे दिसावे लागते. एकाच शब्दाने ती एकावर एक बसतात.

६. एक आक्षेप

यावर असा आक्षेप संभवतो की, इंग्रजीतही हे दोन शब्द अनेकदा परस्परांच्या जागी येतात. ‘बेसिक रिसर्च’ आणि ‘फंडामेंटल रिसर्च’ यांत फारसा भेद नाही. जर्मन भाषेत तर ‘ग्रुंड’ म्हणजे जमीन, तळ, या एकाच शब्दापासून हक्क आणि १९४९ चा राज्यघटनात्मक कायदा या दोहोंची नावे बनली आहेत. विशेष म्हणजे घटनादुरुस्तीवरील अंगभूत मर्यादांची कल्पना भारतात ज्यांच्या व्याख्यानातून चर्चेत आली, ते डीट्रिख कॉनराड हे जर्मन अभ्यासकच होते. १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी हे व्याख्यान दिले होते. एका शब्दावर जर्मनांचे अडले नाही, तर मराठीचे का अडावे?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे प्रस्तुत विवेचनाला योग्य मर्यादा पडते. शब्द एक असल्याने विचार अशक्य होतो, असे येथे म्हणावयाचे नाही. जर्मन शब्दात तळाचाच अर्थ प्रबळ राहिला. मराठी ‘मूलभूत’वर मात्र ‘किमान’ या अर्थाचा भार पडला आहे. अडचण प्रतिशब्दाच्या अपुरेपणाची नसून त्याच्या सैल वापराची आहे.

‘मूलभूत’ऐवजी ‘मौलिक’ वापरावा, असेही कोणी सुचवतील. हिंदीत ‘मौलिक अधिकार’ हा प्रयोग प्रचलित आहे. परंतु मराठीत ‘मौलिक’ म्हणजे मोलाचे. ‘प्रमुख पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केले’ हे वाक्य ज्याच्या कानावर प्रत्येक समारंभात पडते, त्याला ‘मौलिक हक्क’ म्हणजे मौल्यवान हक्क असेच वाटणार. ‘पायाभूत’ हा शब्द रस्ते, वीज, पाणी यांच्या सुविधांसाठी रूढ झाला आहे. तथापि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान’ हा प्रयोगही स्थिरावला असून, त्यात ‘ज्यावर पुढील शिक्षण उभे राहते’ हा अर्थ शाबूत आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) ‘फंडामेंटल’चा गाभा ‘इतर गोष्टींचा आधार असणारे’ हा आहे. सोपे, पहिले किंवा किमान हे त्याचे अर्थ नव्हेत.

(२) ‘मूलभूत हक्क’ ही अधिकृत व रूढ संज्ञा आहे. ती बदलण्याचे कारण नाही. मात्र ज्या परिच्छेदात हे हक्क आणि ‘बेसिक’ संरचना यांचा एकत्र उल्लेख येतो, तेथे दुसऱ्यासाठी ‘पायाभूत संरचना’ असा शब्द कटाक्षाने योजावा.

(३) जेथे ‘निदान एवढे’ हा अर्थ आहे, तेथे ‘किमान’ अथवा ‘प्राथमिक’ असेच म्हणावे. ‘किमान सुविधा’ म्हटल्याने सुविधांचे काही उणे होत नाही. ‘मूलभूत’ या शब्दाचे मात्र बरेच काही वाचते.

(४) वर्गात हे विशेषण आले की तीन प्रश्न विचारावेत : हे कशाचा आधार आहे? हे शिकण्यातील पहिले आहे काय? याला काही विशेष दर्जा अथवा संरक्षण आहे काय? बीजगणिताचे प्रमेय, मुळाक्षरे आणि मालमत्तेचा हक्क यांची उत्तरे निरनिराळी येतील, आणि त्या निरनिराळेपणातच या शब्दाचा अर्थ आहे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या उत्तरपत्रिकेतील वाक्याकडे पुन्हा वळू. ‘किमान हक्क’ असे समजून पदवी घेणारा विद्यार्थी उद्या नागरिक म्हणून वावरताना हक्कांकडे शिधावाटपाच्या दृष्टीने पाहील. जे वाटले जाते ते टंचाईच्या दिवसांत कमी करता येते, असे त्याला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. पायाच्या बाबतीत मात्र असे कोणी म्हणत नाही. उत्तरपत्रिकेच्या समासात ‘किमान’ या शब्दाखाली लाल रेघ ओढून ‘आधारभूत’ असे लिहिण्यास अध्यापकाला अर्धा मिनिट पुरतो. ते अर्धे मिनिट भाषाशिक्षणाचे आहे, तितकेच नागरिकशास्त्राचेही आहे.